ग्राफ पेपरावरचा तलाव

आप्पा, तलाव आहे तिथेच आहे. तुम्ही काढला होता त्याच्या बरोब्बर उलटा.

परवा गावाहून परत आलो. खोलीवर पिशवी टाकली आणि पाय आपोआप तुमच्या घराकडे वळले. अर्ध्या गल्लीत आल्यावर आठवलं, की ज्यांना सांगायचं ते आता नाहीत. तरी गेलो. माईंनी दार उघडलं, पाणी दिलं. त्यांच्या मागे भिंतीला तुमच्या ग्राफ पेपरांची भेंडोळी उभी होती, सुतळीने बांधलेली. एवढं सगळं सांगण्यासारखं घेऊन आलो होतो आणि तोंडच उघडेना. म्हणून लिहायला बसलोय. लिहायला तुम्हीच शिकवलंत. चुका असतील. असू द्या आता.

तुम्ही धुळ्याकडचे, मी भंडाऱ्याकडचा. आपल्या गावांच्या मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पडलेला, आणि भेटलो कुठे, तर सुरतेच्या बमरोलीत, जेकार्ड साड्या विणायच्या खात्यात. मी ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा पोरगा, सहावीतून शाळा सोडलेला. पाण्याशिवाय काही पाहिलेलं नाही. खात्यात पाऊल टाकलं तेव्हा साच्यांच्या आवाजाने छातीत धडकी भरली ती दोन महिने उतरली नाही. सगळ्याची भीती वाटायची. धोट्याची, पट्ट्याची, शेठच्या खोकण्याची. पण एक गोष्ट मी कोणाला सांगत नव्हतो. आवाज कानात भरून भरून एकदाचा ऐकू येईनासा झाला, की समोरचा ताणा पाणी व्हायचा. हजारो बारीक धागे, त्यांच्यावर उजेड, आणि वरखाली होताना उठणारी ती लहर. वाऱ्याची झुळूक आल्यावर आमचा तलाव असाच शहारतो. मी उघड्या डोळ्यांनी काठावर जाऊन बसायचो आणि इकडे धागा तुटलेला असायचा.

तुम्ही वर माळ्यावर बसायचे. ग्राफवर नक्षी काढायची, तिच्यावरून कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं ओवून साच्यावर चढवायची. ग्राफमास्तर म्हणायचे तुम्हाला सगळे. एके दिवशी माळ्यावरून खाली आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दचकून मागेच झालो.

"तुझा धागा तुटलेला तुला कळत नाही, मला वरून कळतो," तुम्ही म्हणाले. "जातोस कुठे रे तू?"

खोटं सुचलं नाही. "तलावावर जी."

मला वाटलं, आता शेठला सांगतील. तुम्ही चष्मा पुसला. "लांब आहे?"

"लय लांब."

"मग पुढच्या वेळेला मलाही घेऊन जा. वर माळ्यावर फार उकडतं."

ती आपली पहिली ओळख. त्यानंतर कामावर कोणी मला हसलं, "ए तलाववाले, जाग जा," म्हणालं, की तुम्ही वरून ओरडायचे, "त्याला उठवू नका, माझ्यासाठी मासे आणायला गेलाय तो."

तुमच्या घरी जेवायला लागलो. माईंनी ताटात भाकरी वाढताना कधी विचारलं नाही, किती दिवस. जेवण झालं की तुम्ही जुन्या कार्डाच्या मागच्या बाजूवर माझ्याकडून लिहून घ्यायचे. एक पान गावाला पत्र, एक पान मनातलं. मनातल्या पानावर मी काय लिहिणार? तलावच लिहायचो. तुम्ही लाल पेन्सिलने वेलांट्या दुरुस्त करायचे आणि समासात प्रश्न लिहायचे. "पाणी सकाळी कसल्या वासाचं?" "पाखरं उडाली की पाण्यावर काय राहतं?" मास्तर लोक असले प्रश्न विचारत नाहीत. मला वाटायचं तुम्ही माझी गंमत करता. आता कळतं, माळ्यावर खरंच उकडत होतं.

मग ते सरकारी पत्र आलं.

वाचणाऱ्याला सांगायला हवं, म्हणून लिहितो. आमचा तलाव मोठा आहे, जुना आहे, हिवाळ्यात लांबलांबची पाखरं उतरतात. सरकारने ठरवलं की हा सगळा परिसर नाजूक आहे, तो जपला पाहिजे. कसा जपायचा हे सांगायला एक सल्लागार समिती नेमली. त्यात अधिकारी, शिकलेली माणसं, आणि मासेमारांतर्फे एक जण. तो एक जण म्हणजे माझे बाबा. सहीच्या जागी अंगठा. समितीचे कागद घरी यायला लागले. गावात वाचणारे होते, नाही असं नाही. पण जे वाचणारे होते त्यांनाच तलावाच्या काठी हॉटेल बांधायचं होतं. बाबांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. सगळा गठ्ठा त्यांनी मला पाठवला. सोबत बहिणीच्या हातची चिठ्ठी, "बाबा म्हणतात तू सुरतेत शिकलास, वाचून कळव."

तीन दिवस तो गठ्ठा मी सदऱ्याच्या आत घेऊन फिरलो. पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीतलं मला अर्धं कळत नव्हतं. सहावीवाला मी, आणि तिकडे बाबा सांगत सुटलेले, पोरगा सुरतेला शिकला म्हणून.

चौथ्या दिवशी तुम्ही जेवता जेवता थांबले. "सदरामा काय शे रे? पोट वाढलं का तुझं?"

मी कागद पुढे ठेवले. तुम्ही हात धुऊन आले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. "पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र," तुम्ही म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. "संवेदनशील म्हणजे काय माहितीये का सुकराम? हात लावला की रडतं ते. आमच्या माईसारखं."

माई चुलीपासूनच म्हणाल्या, "आन् कोणी हात नही लावा तरी जो बोंबलस, त्याले सरकार काय म्हणस?"

तुम्ही इतके हसले की ठसका लागला. हसत हसतच मला सगळं समजावलं. समिती तलावात एक रेघ मारणार होती. रेघेच्या आत गाभा. तिथं कोणी जायचं नाही, होडी-डोंगा नाही, जाळं नाही, कायमचं. रेघेच्या बाहेर आमची मासेमारी जशी होती तशी चालू. रेघ कुठे मारायची हे ठरवण्याआधी प्रत्येक सभासदाने आपल्याला काय माहीत आहे ते कागदावर द्यायचं होतं. बाबांना तलाव पायाखालचा माहीत, पण कागदावर कसा देणार? चिठ्ठीच्या शेवटी तेच होतं. "तलाव काढून पाठव."

"म्हणजे," तुम्ही म्हणाले, "रेघ योग्य जागी पडली तर तुझं गाव आहे. चुकीच्या जागी पडली तर तुझा बाप पण उद्या बमरोलीत साचा चालवायला येईल. असंच ना?"

असंच होतं. मी मान हलवली. ताट बाजूला सारलं.

आठवड्यातून एकदा वीज बंद असायची, तो विजेच्या सुट्टीचा वार माझ्या आयुष्यातला सगळ्यात शांत दिवस होता, आप्पा. साचे बंद. सगळ्या गल्लीला कान फुटल्यासारखं झालेलं. वर माळ्यावर पत्रा तापून टिकटिक करत होता. तुम्ही नवाकोरा ग्राफ पसरला, चार कोपऱ्यांना चार वजनं ठेवली आणि मला म्हणाले, "डोळे मीट."

मी मिटले.

"उभा कुठे आहेस?"

"आमच्या घरामागे."

"तोंड?"

"पाण्याकडे. उत्तरेला."

"पायाखाली?"

"चिखल. गार आहे. बोटांमधून वर येतो."

"चिखल राहू दे, चिखलाला रंग नाही माझ्याकडे. उजव्या हाताला काय?"

"घाट. डोंगे बांधलेले. घाटापुढं खोल पाणी, तिथं आमची जाळी पडतात."

"डाव्या हाताला?"

"देवधान."

देवधान म्हणजे पाण्यात आपलं आपण उगवणारं धान. त्याला कोणी पेरत नाही. त्याच्या दाटीत मासे अंडी टाकतात, पाणकोंबड्या घरटी करतात. पाऊस लागला की पोळ्यापर्यंत आमच्यातला कोणीच तिकडे जाळं नेत नाही. डोंगा चुकून तिकडे सरकला तरी म्हातारे काठावरून शिव्या घालतात. तसा कायदा नाही, तशी रीत आहे. मी डोळे मिटून हे सांगत होतो आणि तुमची पेन्सिल थांबलेली मला ऐकू आली.

"म्हणजे सरकारला आज जी रेघ मारायचीये," तुम्ही हळूच म्हणाले, "ती तुमच्या म्हाताऱ्यांनी केव्हाच मारून ठेवलीये."

मी चालत गेलो. खरंच चाललो. गुडघ्यापर्यंत पाणी, मांडीपर्यंत पाणी. तुम्ही विचारत होते, मी सांगत होतो. कमळ कुठे दाटतं. कोणत्या झाडाखाली पाणी काळं दिसतं. पाणी मध्यावर थंड होतं त्या जागेला आम्ही काय म्हणतो. गावातलं कोणी गेलं की एक दिवस कोणीच डोंगा का सोडत नाही. घाटाला लाल चौकोन पडत गेले, देवधानाला हिरव्या तिरक्या रेघा, खोल पाण्याला निळे ठिपके. दुपार टळली. माई चहा ठेवून गेल्या, तो निवला. तलावाचं पाणी माझ्या छातीपर्यंत आलं तेव्हा तुम्ही म्हणाले, "उघड डोळे. झाला."

मी कागद पाहिला. किती सुंदर होता! तुम्ही तो हाताच्या अंतरावर धरला आणि म्हणाले, "साडीवर पाडायला पाहिजे रे हा. तलाव साडी. काठाला डोंगे, पदराला पाणकोंबड्या. शेठ वेडा होईल."

तेव्हा मला काहीतरी खुपलं.

सदरा उलटा घातल्यावर जसं गळ्याशी खुपतं, तसं. घाट माझ्या उजव्या हाताला होता आणि कागदावर तो डावीकडे गेला होता. वर तुमच्या सुबक अक्षरात "उत्तर". म्हणजे घाट पश्चिमेला, देवधान पूर्वेला. असं कसं, असं मनात आलं. पण नकाशा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. वाटलं, कागदावर असंच असत असेल. साच्यावर तर रोज तेच बघत होतो. साडी विणताना सुलट बाजू खाली असते, आम्हा कारागिरांना दिसते ती पाठ. पोपटाची चोच उजवीकडे हवी तर तुम्ही ग्राफवर डावीकडे काढायचे, आणि साडी उलटली की पोपट बरोबर बघायचा. जे उलटं दिसतं ते खाली सुलट असणार, अशी आमच्या डोळ्यांना सवय. आणि तुम्ही इतके खूश होते. आणि मी सहावी.

हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. मला दिसलं होतं, आप्पा. मी बोललो नाही.

नकाशा गेला. एक कच्ची प्रत तुम्ही तुमच्या सवयीने ठेवून घेतली. त्या दिवसांत तुम्ही भलतेच खुशीत होते. एकदा सकाळी साच्यापाशी येऊन कानात ओरडले, "काल गेलतो तुझ्या तलावावर! पाणी कोमट होतं."

"कोणत्या बाजूनं गेलात?" मी ओरडलो.

"बमरोलीहून सरळ चालत! खाडी ओलांडली की तलावच!"

"मग मला का नाही उठवलं?"

"तू तिथंच होतास की! पाण्यात उभा. मला म्हणालास, चपला काढा."

मी हसलो. पण दिवसभर मनात ते राहिलं. मी माझ्या स्वप्नात एकटाच जायचो. तुमच्या स्वप्नात आपण दोघं होतो.

उत्तर आलं ते पावसाच्या आधी. बहिणीच्या हातचं. समितीने रेघ मारली होती. कागदावर देवधान पूर्वेला दिसत होतं, म्हणून रेघ पूर्वेला. घाटावरून. डोंगे बांधायची जागा, पुढचं खोल पाणी, सगळं गाभ्यात. देवधानाकडची बाजू मासेमारीला मोकळी. बाबा सभेत म्हणाले, असं कसं जी साहेब, तर त्यांच्यापुढे त्यांचाच नकाशा ठेवला. "तुमच्याच कागदावरून केलं आहे." बाबांनी तो कागद भर सभेत, माझ्या पोरानं काढला म्हणून, अभिमानाने दिला होता. आता गावात बोलणं चाललं होतं की सुरतेच्या पोराने घाट घालवला. शेवटची रेघ पुढच्या बैठकीत पक्की होणार होती.

मी धावत माळ्यावर आलो. पत्र तुमच्या हातात दिलं. तुम्ही वाचलं, ती कच्ची प्रत काढली आणि खिडकीत उजेडावर धरली. मग ती मागून पुढे केली. पाठीमागून, कागदातून आरपार दिसणारा तलाव अगदी माझा तलाव होता. घाट उजवीकडे. देवधान डावीकडे. सूर्य बरोबर घाटामागून उगवेल असा.

"तीस वर्षं," तुम्ही म्हणाले. "तीस वर्षं हा हात उलटंच काढतोय." मग खाली बसले. "मन्ही चूक शे, सुकराम. तुन्ही नही."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. तुम्ही लगेच पुढचं बोलायला लागले. बैठकीला आपण दोघं जायचं, समितीपुढे उभं राहायचं, चुकलं म्हणायचं, सुलटा नकाशा द्यायचा. मला घाम फुटला. साहेब लोकांपुढे? मी म्हणालो, पोस्टाने पाठवू. म्हणालो, लिहू की नक्कल करताना गडबड झाली. तुम्ही मान हलवली. "डिझाइन चुकलं तर आपण काय म्हणतो? साडीच तशी आहे म्हणतो का? कार्ड बदलतो."

"पण ते म्हणतील ढिवरांना स्वतःचा तलाव समजत नाही. बाबांना समितीतून काढतील."

"म्हणू दे. जो चूक कबूल करतो त्याचं दुसऱ्यांदा ऐकतात. जो सारवतो त्याचं पहिलं पण पुसतात."

"शेठ सुट्टी देणार नाही."

"मी बोलतो शेठशी. अजून कोणाला घाबरतोस, सांग. एकदम सगळ्यांशी बोलून टाकतो."

तेव्हा मी ते बोललो. "तुम्हाला काय जी आप्पा. घाट तुमचा थोडाच चाललाय."

माळ्यावर एवढा आवाज होता, तरी तो शब्द स्वच्छ ऐकू गेला. तुम्ही कार्डांना भोकं पाडायला लागले. चार दिवस आपण बोललो नाही. मी जेवायला आलो नाही. पाचव्या दिवशी तुम्ही माझ्या साच्यापाशी आले, तुटलेला धागा स्वतःच उचलला, गाठ मारली आणि म्हणाले, "गाठ बारीक मार. दिसता कामा नये." एवढंच. मी समजलो की उद्या जेवायला जायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली तुम्हाला, आणि ते जेवण राहिलं.

ज्या दिवसांत रडायला हवं होतं त्या दिवसांत मी घाबरलेलाच होतो. आधी वाटलं, माझ्या बोलण्याने गेले. मग वाटलं, आता बैठकीला एकट्याने जावं लागणार. माणूस किती हलका असतो, आप्पा. तुम्ही जाऊन आठ दिवस झाले नाहीत आणि मी स्वतःच्याच काळजीत. दहाव्याला तापीवरून आलो, तेव्हा माईंनी मला आत बोलावलं. पाटाखालून एक मोठं पाकीट काढलं.

"हाई तुन्हं शे. त्यासनी लिखेल शे."

आत सुलटा नकाशा होता. त्या चार दिवसांत काढलेला. जुन्यापेक्षा साधा, घाई केलेला, पण प्रत्येक डोंगा जागच्या जागी. आणि समितीच्या अध्यक्षांच्या नावे एक अर्ज. मला तो तोंडपाठ झालाय. "मी या गावचा नाही. तलाव मी पाहिलेला नाही. सांगणाऱ्याने घाट उजव्या हाताला सांगितला, माझ्या हाताने तो डावीकडे काढला. साडीची नक्षी उलटी काढण्याची माझ्या हाताला सवय आहे. सांगणाऱ्याची यात काही चूक नाही. माझ्या हाताची शिक्षा त्यांच्या घाटाला होऊ नये." खाली सही, आणि तुमच्या सवयीने सहीखाली एक बारीक फूल.

मी रागावलो होतो, बोललो नव्हतो, जेवायला आलो नव्हतो, आणि तुम्ही वर बसून हे लिहीत होते.

शेठकडे मी स्वतः गेलो. तो म्हणाला, "जा भाई, पण परत ये." घाबरण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

बैठक तालुक्याला होती. लांब टेबल, हिरवं कापड, झाकण घातलेले पाण्याचे ग्लास. बाबा टोकाच्या खुर्चीच्या काठावर बसलेले, डोंग्यात बसतात तसे, कोणत्याही क्षणी तोल जाईल असे. त्यांच्यामागे उभा राहून मी तुमचा अर्ज वाचला. दोनदा ओळ हरवली. एक-दोन जण हसले, साडीचं आलं तेव्हा. वाचून झालं, तसे अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे चूक या गृहस्थांची. तुमची नाही."

आप्पा, दार उघडं होतं. तुम्हीच उघडून ठेवलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तर बाबांची मान वर, माझी पण. आणि तुम्हाला आता कोणी काही विचारायला येणार नव्हतं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

पाणवनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई समितीत होत्या. त्यांनी विचारलं, "का नाही बोललात?"

"ते मोठे होते जी. आणि मी सहावी."

पुन्हा कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले. मग टेबलाकडे बघत म्हणाल्या, "आपल्यापैकी तरी कोण हा कागद घेऊन घाटावर उभं राहिलं होतं?" अध्यक्षांनी ग्लासवरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

जिंकलो असं समजू नका. घाटावरची रेघ त्यांनी थांबवली आहे, पुसलेली नाही. पाऊस संपला की समिती स्वतः येणार, डोंग्यात बसणार, बघून मग ठरवणार. काय ठरवतील मला माहीत नाही. रोज भीती वाटते. पण या खेपेला डोंगा बाबा वल्हवणार आहेत, आणि देवधान कोणत्या हाताला आहे हे साहेबांना त्यांच्या डोळ्यांनी दिसेल.

एस.टी.तून उतरून आम्ही पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत घरी निघालो. संध्याकाळचं पाणी स्थिर होतं. बाबा पुढे, मी मागे. मला वाटलं आता बोलतील, भर सभेत मला खाली बघायला लावलंस म्हणून.

"अगा, तो मानूस कोन होता?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. माळा, कार्डं, लाल पेन्सिल, मिटलेले डोळे, स्वप्नातलं कोमट पाणी. मी तुम्हाला काय बोललो तेही सांगितलं. ते ऐकताना बाबा थांबले, पाण्यात थुंकले, परत चालायला लागले.

"कदी गेला?"

सांगितलं.

"आन् आमाले मालूम नाही," ते म्हणाले. "मले आदी सांगाचा होतास."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी घाटावर गेलो. धुकं पाण्यावर हातभर उंच, त्याच्यावर आभाळ, मध्ये काहीच नाही. एवढ्या वेळेला घाटावर गलका असतो. त्या दिवशी सगळे डोंगे एकाला एक लागून बांधलेले. जाळी वळणीवर. बायका टोपल्या न घेता नुसत्याच पायरीवर बसलेल्या. बाबा पहाटेच घरोघर जाऊन आले होते. मी काठावर उकिडवा बसलो. किती वर्षांनी तलावाकडे बघत होतो आणि कोणाला तो सांगायचा नव्हता. पाणी हलत नव्हतं. देवधानात एक पाणकोंबडी ओरडली, गप्प झाली. मला झोप लागली की काय कळलं नाही. कोणीतरी माझ्या शेजारी चपला काढून बसलंय असं वाटत राहिलं, आणि मी तिकडे वळून पाहिलं नाही.

ऊन चढल्यावर सरकारी खात्याचा रखवालदार सायकल हातात धरून पाळीवरून आला. रिकामा घाट त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"काय जी," तो बाबांना म्हणाला, "आतापासूनच बंद केला का घाट? अजून तर हुकूम नाही आला."

"हुकूम नाही," बाबा म्हणाले. "आमचा मानूस गेला."